उलट्या जात्यावरची रेघ

अक्षर वेडंवाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हतं, आणि त्यानंतर शाळाच सुटली. कुणाच्या हाती हे लागलंच तर त्याने तेवढं सांभाळून घ्यावं. मी हे कुणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही. माझी नणंद शालन गेली त्याला आता काही आठवडे झाले, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. भाकरी थापता थापता उठते, दारापर्यंत जाते, परत येते, आणि कशाला उठले होते तेच आठवत नाही. आमचे हे परवा म्हणाले, "तुला शालनीचं वारं लागलं." तिचं असंच होतं. म्हणून म्हटलं, लिहून बघावं... लिहिताना निदान हात तरी हलता राहतो.

निरोप आला तेव्हा ज्वारीची उफणणी चालली होती. मी वावडीवर, म्हणजे त्या तीन पायांच्या उंच घडवंचीवर, उभी होते आणि सासूबाई खाली दाणे सावडत होत्या. दरवर्षी वावडीवर शालनताई चढायची. तिचा हात एकसारखा चालायचा, दाणे पायाशी आणि भूस पार बांधाकडे. या वर्षी ती नगरच्या दवाखान्यात होती. कावीळ अंगात मुरली होती आणि हे तिच्याजवळ राहिले होते. दुपार कलल्यावर वाऱ्याने चांगला जोर धरला होता. तेवढ्यात दुधाचा टेम्पो बांधाला येऊन थांबला. ड्रायव्हर आमच्या भावकीतलाच. तो खाली उतरला, पण जवळ येईना. डोक्यावरची टोपी काढून हातात धरून नुसता उभा राहिला. मी ओळखलं. हातात भरलेली पाटी होती, ती खाली द्यायला हवी होती, पण हात आपोआप हलत राहिले. दाणे पडत राहिले, भूस उडत राहिलं. पाटी रिकामी होईपर्यंत मी उतरलेच नाही. "वैनी, खाली या," तो म्हणाला. "शालनताई..." वारा मात्र वाहतच होता. मला त्याचा फार राग आला. मग मनात आलं, तिला हे सांगितलं असतं तर ती हसली असती. म्हणाली असती, "त्याच्यावर कशाला रागवता वैनी? जमीन तापली की त्याला यावंच लागतं."

वारा का सुटतो हे मला माहीत आहे ते तिच्यामुळे. नाहीतर मला लहानपणापासून वाटायचं की झाडं हलतात म्हणून वारा येतो.

तिला केडगावला दिली होती. तिथे काय झालं ते तिने कधी नीट सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही, मला कुणाला काही विचारायचंच भय वाटतं. एका सकाळी ती एसटीतून उतरून शेवगावच्या रस्त्याने चालत घरी आली, ती एका पिशवीनिशी. आम्हाला वाटलं पिशवीत साड्या असतील. निघाली ती दहावीची पुस्तकं. नवऱ्याने रागाच्या भरात काही फाडली होती. तिने ती खळीने चिकटवली, उन्हात वाळवली आणि दुसऱ्या दिवसापासून अभ्यासाला लागली. बसून अभ्यास तिला माहीतच नव्हता. पदर खोचून अंगणात येरझाऱ्या घालत पाठ करायची, पाणी शेंदताना पाठ करायची, शेळ्या सोडताना पाठ करायची. आमच्या वस्तीतल्या बायका तिला वावटळ म्हणायच्या. "आली बघा वावटळ, पदर सांभाळा गं!" ती पण त्यांना सोडायची नाही. "सांभाळा सांभाळा, न्हाईतर तुमच्या टोपल्यातल्या भाकऱ्या बी उडवीन."

वस्तीत अंगणवाडी निघायची होती. सेविका दहावी पास पाहिजे होती आणि आमच्या वस्तीत दहावी पास बाई एकही नव्हती. शालनताईने ते मनावर घेतलं. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. पण घरात दुसरंच चाललं होतं. आमच्या ह्यांनी जामखेडकडचं एक बिजवराचं स्थळ आणलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण वयाने बराच मोठा होता. हे बहिणीचे वैरी नव्हते. त्यांना एकच घोर होता. "शालने, आज आमी हाय. उद्या आमी न्हाई राहिलो तर तू कुणाच्या दारात जाशील?" ती म्हणायची, "माझ्याच दारात. अंगणवाडीला दार असतंय ना?"

पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. मला मोठ्याने वाचायची लाज वाटायची. बोट ठेवून, अडखळत वाचायची. पण ती कधी हसली नाही. एकदा चुलीपुढे बसून मी वाचलं, "वारे कसे निर्माण होतात?" ती उठली, उदबत्ती पेटवली आणि दार लोटून घेऊन दाराच्या खालच्या फटीशी धरली. "धूर कुणीकडं चालला?" धूर वाकून माझ्याकडे, चुलीकडे येत होता. "चुलीवरची हवा तापती, हलकी हुती, वर जाती. खाली जागा मोकळी पडती. ती भरायला दाराखालनं गार हवा पळत येती. त्या पळण्याला वारा म्हणायचं. सगळ्या पृथ्वीवर हेच चाललंय वैनी. कुठंतरी चूल, कुठंतरी फट." त्या दिवसापासून थंडीत माझ्या पायांना दाराखालचा गार झोत लागला की मला चीड येत नाही. वाटतं, माझ्या चुलीनेच बोलावलाय त्याला.

पुढचा प्रश्न होता पृथ्वीच्या फिरण्याचा. मी तिला विचारलं, "ताई, पृथ्वी एवढी जोरात फिरती म्हणतात. मंग त्याचाच वारा लागत असंल की आपल्याला, एसटीच्या खिडकीत लागतो तसा?" ती थांबली. तिला प्रश्न आवडला की तिचे डोळे बारीक व्हायचे. "एसटी बंद असली, सगळ्या काचा लावलेल्या, आणि आत एक माशी उडतीय. तिला वारा लागंल का?" मी म्हटलं, "न्हाई. तिच्या भवतालची हवा बी एसटीबरोबरच चालली ना." "तसंच आपलं. हवा पृथ्वीच्या बरोबरच फिरती. फिरण्यानं वारा येत न्हाई. वारा तापण्यानं येतो, फिरण्यानं त्याची वाट वाकडी हुती."

वाट वाकडी होते ती कुणीकडे, हे मात्र आम्हाला कळेना. पुस्तकातलं ते पान नेमकं अर्धं फाटलेलं होतं. "उत्तर गोलार्धात वारे आपल्या मूळ दिशेच्या," इथपर्यंतच होतं, खालचा तुकडा केडगावलाच राहिलेला. शाळेतल्या पोरींकडून पुस्तक मागायला तिला कमीपणा वाटायचा. त्या तिच्या निम्म्या वयाच्या. मग तिला जातं आठवलं. दळण आता गिरणीतच जातं, पण आमच्या पडवीत सासूबाईंचं जातं आहे, डाळी भरडायला. ती म्हणाली, "जातं म्हणजे पृथ्वी. मधलं तोंड म्हणजे उत्तर ध्रुव. तुमी फिरवा, मी तोंडापासनं काठापर्यंत खडूनं सरळ रेघ वढते. माझा हात सरळ जाईल. रेघ कशी उठती ते बघू."

मी खुंटा धरला आणि फिरवायला लागले. तिने खडू टेकवला आणि सरळ, अगदी सरळ, स्वतःकडे ओढला. जातं थांबवून बघितलं तर रेघ वाकडी. कोयत्यासारखी वाकलेली, आणि तोंडाकडून काठाकडे चाललं तर डाव्या हाताला वळलेली. आम्ही दोघी आळीपाळीने बोट फिरवून बघत राहिलो. परत फिरवलं, परत ओढली, परत डावीकडेच. हात सरळ, खडू सरळ, आणि रेघ वाकडी... कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही. शालनताईने खडू हवेत उडवून झेलला. "डावीकडं! वैनी, वारा डावीकडं वळतो!" आणि फाटलेल्या पानाच्या कडेला तिने स्वतःच्या हाताने शब्द लिहून टाकला.

मार्चच्या परीक्षेत तो प्रश्न आला आणि तिने उत्तर लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, जात्याची आकृतीही काढली. घरी आली ती नाचतच आली.

मग उन्हाळा. निकालाची वाट बघायची तर तिचा पाय घरात ठरेना. आमच्या माळावर त्या दिवसांत वावटळी उठतात. धुळीचा खांब उभा राहतो, पाचोळा घेऊन फिरत फिरत येतो. बायका पोरांना आत घेतात, कुणी थुंकतं, त्यात भूत असतं म्हणतात. ही मात्र वावटळ दिसली की पळत जायची, ती कुणीकडून फिरते ते बघायला. धुळीने माखून यायची. सासूबाई ओरडायच्या, "अगं सटवे, धरील ती तुला!" "धरू दे की. विचारते तिला, डावीकडनं फिरती का उजवीकडनं." पण दोन-चार दिवसांत तिचा चेहरा उतरला. एक वावटळ डावीकडून फिरायची, दुसरी उजवीकडून. एका दुपारी तर शेजारी शेजारी दोन उठल्या, दोन्ही एकमेकींच्या उलट. रात्री जेवताना तिने अर्धी भाकरी तशीच ठेवली. "कायतरी चुकलंय वैनी. एकतर वावटळीचं, न्हाईतर माझं."

निकाल लागला. भूगोलाच्या पेपरात ती गेली. बाकी सगळ्यात पास. त्या एका उत्तरानेच गेली असं मी म्हणत नाही, पण तिच्या मनाने तेच धरलं. आमचे हे त्या दिवशी रागावले नाहीत. जवळ बसले आणि म्हणाले, "शालने, आता बास कर. जामखेडची माणसं लई दिवस थांबली." ती म्हणाली, "दादा, एक ऑक्टोबर दे मला. ऑक्टोबरात नापास झाले तर तू म्हणशील तिथं जाईन. तोंडातनं शब्द काढनार न्हाई." हे म्हणाले, "शब्द?" ती म्हणाली, "शब्द." सासूबाई शेजारीच होत्या, मी चुलीशी. मला आठवतं, माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली आणि कुणालाच वास आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत भूगोलाच्या सरांकडे गेली. सोबत मला घेऊन गेली. मी बाहेर भिंतीला लागून उभी राहिले, पण ऐकू सगळं येत होतं. तिने सरांना सांगितलं की वारा डावीकडे वळतो, मी स्वतः बघितलाय, जात्यावर. सर हसले, पण चेष्टेने नाही. त्यांनी विचारलं, "तुमचं जातं कुणीकडून फिरतं?" तिने हाताने दाखवलं. "म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं. आता असं समजा की तुम्ही उत्तर ध्रुवाच्या वर उभ्या आहात आणि खाली पृथ्वीकडे बघताय. ती काट्याच्या उलट फिरताना दिसेल. तुम्ही दक्षिण गोलार्धाचं उत्तर काढलंत बाई. आणि ते एकदम बरोबर काढलंत." मग तिने वावटळीचं विचारलं. सर म्हणाले, "वावटळ फार लहान असते, लगेच विरते. पृथ्वीच्या फिरण्याने वाट वळायची तर वाऱ्याला लांबचा पल्ला लागतो. लहान वारा कुणीकडूनही फिरतो."

परत येताना रस्त्यात ती झपझप पुढे चालली. मग एकदम हसायला लागली, इतकी की बाभळीखाली बसली. "वैनी, आपल्या आईचं जातं दक्षिण गोलार्धातलं निघालं!" मी पण हसले. हसता हसताच ती थांबली आणि म्हणाली, "लहान वाऱ्याला पृथ्वीचं फिरणं लागत न्हाई. तो आपल्या मनानं फिरतो... बरं हाय त्याचं." मला बोलायला नेहमी उशीर होतो.

घरी येऊन तिने पदर खोचला आणि जात्याशी बसली. "फिरवा वैनी. उलटं." मी खुंट्याला हात लावला आणि सासूबाई पडवीत आल्या. आमच्याकडे रिकामं जातं फिरवत नाहीत, आणि उलटं तर कधीच नाही. घरात सगळंच उलटं चालायला लागतं म्हणतात. "हात काढ कांता," त्या मला म्हणाल्या. "ह्या घरात कुणी उलटं जातं फिरवलं न्हाई." शालनताई म्हणाली, "आई, विहारात पुढं बसून मान डोलावती, हे सगळं मानायचं न्हाई म्हणून. आणि घरी येऊन दगडाला भिती व्हय?" "दगडाला न्हाई भीत. तुझ्या नशिबाला भिते. आधीच उलटं चाललंय ते, अजून कशाला फिरवती?" सासूबाईंना बोलल्यावर वाईट वाटलं असावं, पण त्या बोलून बसल्या होत्या. शालनताई खाली मान घालून खडू बोटांत फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "सुलटं फिरवून बी नापासच झाले ना आई."

सासूबाई आत निघून गेल्या. नको म्हणाल्या नाहीत आणि हो पण म्हणाल्या नाहीत. मी खुंटा धरला. उलटं फिरवताना मनगटाला सवय नसते, जातं जड लागतं, अडखळतं. शालनताईने तोंडापासून खडू ओढला. रेघ उजवीकडे वळली. तिने फाटक्या पानावरचा आपला शब्द खोडला आणि त्याच्या वर नवा लिहिला.

ऑक्टोबरच्या परीक्षेत तो प्रश्न आलाच नाही! परत आल्यावर हसावं की रडावं तिला कळेना. "एवढी उलटी केली पृथ्वी आणि त्यांनी विचारलं पिकांचं." निकालाच्या दिवशी हे स्वतः शाळेत गेले. आम्ही तिघी दारात उभ्या. सायकलवरून येताना त्यांनी लांबूनच हात वर केला, पण तो हात कशाचा, पास झाल्याचा की संपल्याचा, ते कळेना. शालनताई पळतच सुटली. तिने बांधावरच सायकल धरली. आम्हाला इथून ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं की हे सायकलवरून उतरले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जामखेडचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

अंगणवाडी तिला मिळाली. दार, कुलूप, किल्ली सगळं तिच्याकडे. किल्ली ती कमरेला लावायची, घरात सुद्धा. वस्तीतली पोरं तिच्यामागे फिरायची. दर थंडीत एकदा ती पोरांची रांग घेऊन आमच्या पडवीत यायची, जातं उलटं फिरवायची आणि रेघ ओढून दाखवायची. तीन-चार वर्षांच्या पोरांना काय कळणार गोलार्ध, पण सरळ हाताची वाकडी रेघ बघून ती टाळ्या पिटायची. सासूबाई तेवढ्या वेळापुरत्या शेजारी जाऊन बसायच्या. या थंडीतही ती पोरं घेऊन आली होती. तेव्हाच तिचे डोळे पिवळे दिसत होते. मी म्हटलं, तर म्हणाली, "ऊन हाय वैनी डोळ्यांवर."

दवाखान्यात मी तिला एकदाच भेटले. तिला उठून बसता येत नव्हतं. ती, आणि पडून! मला बघवेना. नुसते डोळे हलत होते, छतावरच्या पंख्याबरोबर. मला म्हणाली, "वैनी, कुणीकडनं फिरतोय?" मी वर बघितलं. "काट्याच्या उलटा." ती म्हणाली, "खालनं. वरनं कोणी बघितला तर सुलटा दिसंल." मग डोळे मिटले. तेच आमचं शेवटचं बोलणं.

आमच्या ह्यांना घोर होता, आम्ही नसलो तर ती काय करील. ते आहेत. सगळे आहेत. किल्ली खुंटीला टांगलेली आहे, नवी सेविका येईल तेव्हा न्यायला. हे जाता येता तिला हात लावतात आणि पुढे जातात.

काल दुपारी मी शेतातून आले तर पडवीतून घरघर ऐकू आली. सासूबाई जात्याशी बसल्या होत्या. मला वाटलं डाळ भरडतात. जवळ गेले तर जात्यात एक दाणा नव्हता. रिकामं जातं, आणि त्या ते उलटं फिरवत होत्या. दोन्ही हातांनी, अडखळत. वरची रेघ थंडीपासून तशीच होती, पण आता पुसट झालेली. "आत्या," मी म्हटलं, "रिकामं हाय ते."

"असू दे." त्यांनी मान वर केली नाही. "खडू हाय का गं घरात?"

शालनताईच्या पिशवीत होता. आणला. त्या फिरवत राहिल्या. मी समोर बसले, तोंडाशी खडू टेकवला आणि सरळ माझ्याकडे ओढला. माझा हात सरळ आला. जातं थांबलं. सासूबाईंना आता जवळचं दिसत नाही. त्यांनी वरच्या दगडावर हात फिरवला, रेघ शोधत, आणि विचारलं, "कुणीकडं गेली?"

"उजवीकडं, आत्या."

"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खुंटा धरला.